एका मावळ्यापासून शिबंदी: सिलिकोनचा साचा आणि रेझिनचं ओतकाम

११ जुलै २०२५ ला मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्या वर्षी दिवाळीला आमच्या गल्लीतल्या पोरांनी किल्ला करायला घेतला, तेव्हा पहिल्यांदाच मोजपट्टी बाहेर निघाली. एरवी बेळगावातला गल्लीचा किल्ला म्हणजे दगड, विटा, पोती, वर लाल मातीचा गिलावा, उतारावर पेरलेले अळीव आणि बाजारातून आणलेले मावळे. या वेळी पोरांना सगळं एका प्रमाणात हवं होतं. त्यांनी १:७२ धरलं, म्हणजे खऱ्यातले ७२ इंच किल्ल्यावर एक इंच. तीस फुटी बुरूज बरोबर पाच इंचांचा झाला. साडेपाच फुटी माणूस मात्र २३ मिलिमीटरचा, करंगळीच्या दोन पेरांएवढासुद्धा नाही. बाजारातला मावळा तीन-चार इंची. तो बुरुजाशेजारी ठेवला की बुरूज ओटा वाटायला लागतो.

मग २३ मिलिमीटरचे साठ मावळे आणायचे कुठून? साठ कोरायचे नाहीत. एकच कोरायचा, पण जीव ओतून, आणि त्याचा साचा करायचा. ही गोष्ट परदेशातल्या मॉडेल बनवणाऱ्यांची, महागड्या सामानाची, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला ते पटत नाही. ज्या गावात उद्यमबागेसारखी फाउंड्र्यांची वसाहत आहे त्या गावाला ओतकाम शिकवावं लागत नाही. नवीन आहे ते फक्त रसायन, आणि ते समजलं तर बाकीचं आपल्या हातात आधीपासून आहे.

साचा आपल्याला माहीत आहेच

उद्यमबागेत किंवा मच्छेला फाउंड्रीत काम केलेलं माणूस आपल्याकडे घरटी नाही तरी गल्लीत दोन-चार तरी सापडतं. लाकडाचा पॅटर्न वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, उरलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. चिकोडी-निपाणीकडच्या गुऱ्हाळात काहिलीतला पाक साच्यात ओतला की ढेप होते. खानापूरची कौलं साच्यात दाबूनच निघतात. सगळीकडे एकच कल्पना: हव्या त्या वस्तूची पोकळी तयार करा, भरा, घट्ट होऊ द्या, बाहेर काढा.

अडचण शेवटच्या शब्दात आहे. बाहेर काढा. फाउंड्रीत वाळूचा साचा दर वेळी मोडतात, म्हणून बीड सुटतं. शिवाय पॅटर्नमेकर पॅटर्नला टेपर देतो, म्हणजे बाजू किंचित तिरक्या ठेवतो. नाहीतर पॅटर्न काढतानाच वाळूची कड ढासळते. आता मावळा बघा. कमरेला शेला, पाठीला ढाल, हात कोपरात वाकलेला, कोपर आणि पोट यांच्यामध्ये फट. कडक साच्यातून तो ओढला तर हात साच्यात आणि धड बाहेर. अशा आतल्या बगलेला, जिथे साचा वस्तूला धरून बसतो, अंडरकट म्हणतात.

सिलिकोन हे रबर आहे. ते ताणतं, वाकतं, अंडरकटवरून सरकून सुटतं आणि पुन्हा होतं तसं होतं. म्हणून तोच साचा काही डझन वेळा वापरता येतो. दुसरा गुण आणखी महत्त्वाचा: ते जवळजवळ कशालाच चिकटत नाही. स्वतःला मात्र घट्ट चिकटतं, आणि काचेलाही. हे दोन अपवाद पुढे लागतील.

एक गोष्ट मला फार आवडते ती इथेच सांगतो. फाउंड्रीतली वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका, म्हणजे सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि ऑक्सिजन. सिलिकोन रबराचा कणाही तोच, सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशी लांब साखळी, फक्त तिला कार्बनचे छोटे गट लटकवलेले. या कार्बन गटांमुळे ती साखळी दगडासारखी न राहता लवचीक होते. उद्यमबागेतला साचा आणि पोरांचा साचा, दोन्हींच्या मुळाशी वाळूच.

घट्ट होतं म्हणजे काय होतं?

बीड गार झालं की घट्ट होतं. गूळही. दोन्ही परत तापवले की परत पातळ. सिलिकोनच्या साच्यात आपण ओततो ते रेझिन तसं नाही. रेझिन म्हणजे असा पातळ पदार्थ, ज्याचे छोटे रेणू दुसऱ्या द्रावाशी मिसळल्यावर एकमेकांत गुंफून जाळं करतात आणि कायमचे घट्ट होतात. या गुंफण्याला क्युअर होणं म्हणतात. ज्वारीच्या पिठाची भाकरी झाली की तिचं परत पीठ होत नाही, तसं हे. त्यामुळे फाउंड्रीत बिघडलेला जॉब परत भट्टीत टाकता येतो, इथे येत नाही. बिघडलेला मावळा हा बिघडलेलाच.

दुसऱ्या डब्यातला द्राव, म्हणजे हार्डनर, दोन प्रकारे काम करतो, आणि नवख्यांच्या निम्म्या चुका हा फरक न कळल्यामुळे होतात.

एक प्रकार विरजणाचा. दुधाला चमचाभर विरजण पुरतं, कारण ते स्वतः दही होत नाही, दह्याला सुरुवात करून देतं. पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे फायबरवाले वापरतात ते जीपी रेझिन, असं आहे. त्यात हार्डनर १ ते २ टक्के. कथिलावर चालणारं सिलिकोनही, म्हणजे ज्याच्या हार्डनरमध्ये कथिलाचं संयुग असतं ते, साधारण याच चालीचं, १०० ग्रॅमला बहुधा २ ते ५ ग्रॅम. विरजण जास्त घातलं तर दही लवकर लागतं पण आंबट होतं. इथेही जास्त हार्डनरने लवकर घट्ट होतं, पण रेझिन तापून तडकतं आणि सिलिकोन ठिसूळ होतं.

दुसरा प्रकार फुगडीचा. फुगडीला दोघी लागतात. तिसरी आली म्हणून फुगडीचा जोर वाढत नाही, ती बाजूला उभी राहते. एपॉक्सी आणि पॉलियुरेथेन रेझिनमध्ये दोन्ही द्रावांचे रेणू असे जोडीने हात धरतात. हार्डनर वाढवला तर काम लवकर होत नाही. उरलेला हार्डनर जोडीदाराविना तसाच पडून राहतो आणि मावळा महिनाभर चिकट. म्हणून डब्यावरचं प्रमाण १:१ असेल तर १:१, २:१ असेल तर २:१.

आणि ते वजनाने की मापाने, तेही वाचा. मापटंभर चुरमुरे आणि मापटंभर तांदूळ दिसायला सारखेच, तराजूवर कुठच्या कुठे. दोन द्रावांची घनता वेगळी असते, त्यामुळे मापाचं प्रमाण वजनाने घेतलं की फसलंच. दशांश ग्रॅम दाखवणारा साधा डिजिटल काटा ही या छंदातली पहिली खरेदी असली पाहिजे, सिलिकोनच्याही आधी.

साचा करताना

समजा मावळा तयार आहे. तो ज्याचा कराल त्याचा केला असेल, माती, लाकूड, मेण, पुठ्ठा. या मूळ नमुन्याला मास्टर म्हणतात. सिलिकोन इतकं बारकाईने ठसा घेतं की मास्टरवर बोटाचा ठसा राहिला असेल तर साठही मावळ्यांवर तो उमटतो. पॉलिश पेपर मारायचा कंटाळा इथे केला तर साठपट फेडावा लागतो.

सपाट पाठीच्या वस्तू, उदाहरणार्थ दरवाज्यावरचं शिल्प, तटाचा दगडी तुकडा, यांना एकतर्फी साचा पुरतो. वस्तू पाटीवर चिकटवा, भोवती पुठ्ठ्याची किंवा खेळण्यातल्या प्लॅस्टिक ठोकळ्यांची भिंत करा, फटी बुजवा, वरून सिलिकोन ओता. पाटी काचेची असेल तर आधी व्हॅसलिनचा हात फिरवा.

मावळ्यासाठी दोन भागांचा साचा. पेटीत प्लॅस्टिसिनची, म्हणजे मुलांच्या तेलकट मातीची, गादी करायची आणि मावळा त्यात आडवा, अर्धा बुडेल असा बसवायचा. माती जिथे मावळ्याला भेटते ती पार्टिंग लाइन. दोन्ही अर्धे जुळतात तिथे मावळ्यावर बारीक रेघ राहते, म्हणून ती नाकावरून नेऊ नका. कानामागून, बाहीच्या शिवणीवरून, तलवारीच्या धारेवरून न्या. मग मातीत पेनाच्या टोपणाने चार-पाच खड्डे करायचे. सिलिकोन त्यांत उतरून गोल उंचवटे होतात आणि दुसरा अर्धा त्यांच्यावर नेमका बसतो. फाउंड्रीत दोन पेट्या जुळवायला पिना असतात, त्यांचंच हे काम.

सिलिकोन किती लागेल? मास्टर ठेवलेल्या पेटीत तांदूळ भरा, काढून मोजा. जितके मिलिलिटर तांदूळ, त्यापेक्षा काही ग्रॅम जास्त सिलिकोन, कारण ते पाण्याहून थोडं जड असतं. तांदूळ नंतर नीट झटकून काढा, एक दाणा राहिला तर तोही साच्यात कोरला जातो.

ओतण्याची रीत हीच खरी कसब आहे. आधी थोडं सिलिकोन ब्रशने मावळ्याच्या चेहऱ्यावर, पागोट्याच्या घड्यांत चोपडून घ्यायचं. मग उरलेलं उंचावरून, दोऱ्यासारख्या बारीक धारेने, पेटीच्या एकाच कोपऱ्यात सोडायचं. धार बारीक असली की तिच्यातले बुडबुडे खाली येता येता फुटतात, आणि सिलिकोन कोपऱ्यातून चढत मावळ्यावर आपण होऊन येतं. मावळ्याच्या डोक्यावर धार धरू नका.

घट्ट झाल्यावर पेटी उलटी करायची, माती काढायची, मावळा तसाच ठेवायचा. आता वरच्या सिलिकोनवर दुसरं सिलिकोन ओतायचं आहे, आणि ते स्वतःला चिकटतं हे आधी सांगितलं. व्हॅसलिनचा पातळ हात द्यायला विसरलात तर मावळा आत गाडलेला एक अखंड ठोकळा हातात येतो.

शेवटी वाटा. रेझिन आत जायला एक, हवा बाहेर पडायला काही. फाउंड्रीतल्या गेट आणि व्हेंटचाच हा धडा: हवा वर जाते, म्हणून जिथे जिथे पोकळीचं उंच टोक आहे तिथून हवेला वाट. मावळा डोकं खाली, पाय वर असा ओता. मग राहिलेले बुडबुडे पायाखालच्या बैठकीत अडकतात, चेहरा स्वच्छ निघतो. ओतण्याआधी साच्यात चिमूटभर टाल्कम पावडर टाकून झटकली तर रेझिन बारीक कोपऱ्यांत जास्त चांगलं पोचतं.

सिलिकोन घट्टच झालं नाही तर?

हे माझ्या बाबतीत झालं. मी प्लॅटिनमवर चालणारं सिलिकोन आणलं होतं. ते कथीलवाल्यापेक्षा महाग, पण जवळजवळ आकसत नाही आणि साचा वर्षानुवर्षं टिकतो. माप बरोबर, वेळ बरोबर. दुसऱ्या दिवशी बाहेरून रबर, आणि मावळ्याला लागून असलेला थर मधासारखा चिकट. आठवड्यानेही तसाच. मास्टर धुताना नाकाडोळ्यांतून ते चिकट काढता काढता मास्टरही गेला.

दोष प्लॅस्टिसिनचा होता. काही प्लॅस्टिसिनमध्ये गंधक असतं आणि गंधक प्लॅटिनमला धरून त्याचं काम बंद पाडतं. विरजण उकळत्या दुधात घातल्यासारखं ते मरतं. रबरी लॅटेक्सच्या हातमोज्यांनीही असंच होतं, म्हणून निळे नायट्रिलचे घालायचे. रेझिनच्या थ्री-डी प्रिंटरवरचा मास्टर नीट धुतलेला, पूर्ण सुकवलेला आणि प्रकाशात पक्का केलेला नसेल तरी तेच. आणि ज्या काडीने कथीलवालं सिलिकोन ढवळलं ती प्लॅटिनमवाल्यात घालायची नाही. कथीलवालं सिलिकोन याबाबत फार सोशिक आहे. त्याचा दोष असा की घट्ट होताना त्यातून अल्कोहोल उडून जातं, साचा किंचित आकसतो, आणि काही वर्षांत फाटायला लागतो. पहिल्या साच्यासाठी मी तेच घ्यायला सांगेन. आकसणं मावळ्याला जाणवत नाही. बिडासाठी पॅटर्नमेकरसुद्धा साधारण एक टक्का मोठा पॅटर्न करतोच.

प्लॅटिनमवालं वापरायचंच असेल तर आधी मास्टरच्या न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून रात्रभर थांबा.

आपली हवा

पुस्तकात आणि व्हिडिओत दिलेल्या वेळा बहुतेक २३-२५ अंशांच्या खोलीच्या असतात. थंडीत दही उशिरा लागतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबरच्या पहाटे बेळगावात एपॉक्सीही उशिरा लागतं. ढोबळ हिशेब असा की दहा अंश तापमान वाढलं की वेग दुप्पट. उलट, एप्रिलच्या दुपारी मिसळल्यापासून ओतेपर्यंतची जी मुभा असते, पॉट लाइफ म्हणतात ती, ती निम्म्यावर येते. पॉलियुरेथेनची मुभा मुळातच दोन ते सात मिनिटांची. फोन आला तरी घेऊ नका.

पावसाळ्याचं तर वेगळंच. पॉलियुरेथेनच्या एका द्रावात आयसोसायनेट असतं. त्याला पाणी भेटलं की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि रेझिन फुगतं. गादीतला फोम मुद्दाम फुगवताना हेच रसायन कामी येतं. मावळा करताना ते घात करतं. खानापूर-कणकुंबीकडच्या जुलैमध्ये डबा दहा मिनिटं उघडा राहिला तरी पुढच्या वेळी मावळे पावासारखे जाळीदार निघतात. ढवळायला लाकडी काडी नको, लाकडात ओल असते. गंमत अशी की कथीलवाल्या सिलिकोनला घट्ट व्हायला थोडी ओल लागतेच. म्हणजे तोच पाऊस साच्याला चालतो आणि ओतकामाला चालत नाही. मी म्हणून साचे श्रावणात करतो आणि ओतकाम दसऱ्यानंतर. किल्ल्याच्या वेळापत्रकाला ते बरोबर जुळतं.

एपॉक्सीला ओलीचं इतकं वावडं नाही, पण त्याला बारा ते चोवीस तास लागतात. एका साच्यातून दिवसाला एक मावळा. साठ मावळ्यांना मग चार-पाच साचे हवेत.

बुडबुडे घालवायला कुकर चालेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि उत्तर स्पष्ट आहे: नाही. मॉडेल बनवणारे दोन यंत्रं वापरतात. एक निर्वात भांडं, ज्यात सिलिकोनमधली हवा ओढून काढतात. त्या वेळी सिलिकोन तिप्पट-चौपट फुगून वर येतं आणि मग बसतं. दुसरं दाबाचं भांडं, ज्यात रेझिन भरलेला साचा ठेवून कॉम्प्रेसरने ४० ते ६० पीएसआय दाब देतात. बुडबुडे जात नाहीत, पण चिरडून दिसेनासे होतात. घरचा कुकर १५ पीएसआयच्या आसपास शिटी देतो. त्याला त्याच्या तिप्पट-चौपट दाब द्यायचा म्हणजे स्वयंपाकघरात बॉम्ब ठेवायचा. २३ मिलिमीटरच्या मावळ्याला बारीक धार, टाल्कम पावडर आणि पाय वर एवढं पुरतं.

हार्डवेअरच्या दुकानातली सिलिकोनची नळी?

न्हाणीघराच्या फटी बुजवायची ती नळी हवेतल्या ओलीने बाहेरून आत घट्ट होते, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. पातळ थराला चालते. जाड ठोकळा ओतलात तर बाहेरून साल आणि आत लोणी. ठसाही तितका बारीक येत नाही.

थ्री-डी प्रिंटर असताना हा खटाटोप कशाला?

एखादीच वस्तू हवी असेल तर खरंच नको. साठ हव्या असतील तर हिशेब फिरतो. दोघांचं भांडणही नाही. प्रिंटरवर मास्टर काढा, साच्यातून प्रती काढा. पण माझा ओढा हाताने केलेल्या मास्टरकडे आहे. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचं मॉडेल आम्हाला करायचं आहे, १२०४ सालचं ते जैन मंदिर. तिथले गोल, कंगोऱ्यांचे खांब लेथवर फिरवल्यासारखे दिसतात. आमच्या गल्लीतले टर्नर काका लाकडाचा एक खांब लेथवर करून देणार आहेत. एक त्यांचा, बाकीचे साच्याचे.

मुलांच्या हाती हे द्यावं का?

साचा द्यावा, रेझिन नाही. आयसोसायनेटच्या वाफेने दमा होऊ शकतो, एपॉक्सी सारखं लागत राहिलं तर कातडीला कायमची ॲलर्जी होते. मोठ्यांनीही खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालूनच काम करावं; घासताना पाण्यात घासावं, म्हणजे धूळ उडत नाही. जीपी रेझिनबरोबर कोबाल्टची आणि हार्डनरची अशा दोन बाटल्या मिळतात. त्या दोघी एकमेकींत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर.

आणि मोठा पेला भरून एपॉक्सी एकदम मिसळू नका. चुना विझवताना जशी वाफ येते तशी उष्णता घट्ट होणाऱ्या रेझिनमध्येही निर्माण होते. पेल्यात ती कोंडते आणि धूर निघतो.

मुलांना तोच सिलिकोनचा साचा आणि शाडूची माती द्या. माती दाबायची, जरा सुकली की साचा वाकवून काढायची. हातातला भाला मोडेल. तो झाडूच्या काडीचा लावा.

हे प्लॅस्टिकच ना?

हो. मातीत कुजत नाही, वितळवून परत वापरता येत नाही. त्यामुळे विसर्जनाच्या मूर्तीला रेझिन मुळीच नको, तिथे खानापूरची माती किंवा शाडूच हवी. मावळा दर वर्षी फेकायचा नसतो, हेच काय ते त्याच्या बाजूने. आमचे मावळे दिवाळीनंतर कापसात गुंडाळून बुटांच्या खोक्यात जातात. साच्यांचंही वाया जात नाही: फाटलेला साचा बारीक कापून नव्या साच्याच्या आत भर म्हणून घालायचा, नवं सिलिकोन त्याच जातीचं असलं की जुन्याला पक्कं धरतं. महाग सिलिकोन त्यामुळे कमी लागतं.

विकतच्या मावळ्याचा साचा काढला तर?

काढता येतो, म्हणून काढावा असं नाही. ती कोणाची तरी कला आहे. कुणा मूर्तिकाराने महिनाभर खपून केलेल्या मूर्तीवरून प्रती पाडून विकणं म्हणजे चोरीच, आणि मूर्तीला कॉपीराइटचं संरक्षणही असतं. दुसरं असं, की विकतच्या मावळ्यांचा चेहरा एकच. आमच्या पोरांनी चार मास्टर केले आहेत. एक येळ्ळूरच्या राजहंसगडावर पहाऱ्याला उभा, खांद्यावर घोंगडी; एक तोफेला बत्ती देणारा; एक पखाल वाहणारा; आणि एक बाई, डोक्यावर घागर घेऊन तटाच्या पायऱ्या चढणारी. गडावर बायकाही राहत होत्या, बाजारात त्यांचा साचा मिळत नाही. घागर आणि डोकं यांच्यामधल्या फटीत दोनदा बुडबुडा अडकला. तिसऱ्या वेळी तिथून कानामागे एक बारीक व्हेंट काढला आणि ती पूर्ण निघाली.